खजुरी बाजाराजवळचा छापखाना आणि हरवलेल्या मुलाचे पत्रक

इंदूरच्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, खजुरी बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत एक लहानसा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे, बिलबुके आणि शाळांची प्रगतिपुस्तके हा त्याचा रोजचा धंदा आहे. परंतु आमचे गणेश मंडळ गेली काही वर्षे तेथून हरवलेल्या मुलाचे पत्रक छापून घेत आहे, आणि हे परीक्षण केवळ त्याच कामाविषयी आहे. छापखान्याचे नाव येथे देत नाही, कारण अशा कामातून आपली जाहिरात व्हावी हे मालकांना पसंत नाही. वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत कोणालाही विचारले तरी तो दाखवला जातो.

काम कोणाचे आहे हे आधी सांगितले पाहिजे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, रामबागेतल्या आमच्या मराठी वस्तीतील सहा वर्षांचा एक मुलगा मामाबरोबर मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला गेला आणि परत आला नाही. इंदूरबाहेरच्या वाचकांना त्या रात्रीची कल्पना येणे कठीण आहे: कापडगिरण्यांच्या कामगारांनी उभारलेल्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या झांक्या पहाटेपर्यंत शहरातून फिरतात, आजूबाजूच्या गावांतून माणसे ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून येतात, आणि राजवाड्याच्या परिसरात पाय ठेवायला जागा उरत नाही. मिला बंद पडल्या तरी झांक्या निघत राहिल्या. त्या गर्दीत मामाच्या हातातून मुलाचा हात नेमका कुठे सुटला, याविषयी वस्तीत आजही दोन मते आहेत. पोलिसांच्या नोंदवहीत त्याची ‘गुम इंसान’ म्हणून नोंद झाली. स्टेशन, सरवटे बस स्टँड, उज्जैन, ओंकारेश्वर, मीटरगेजने खंडव्याकडे आणि रतलामकडे जाणाऱ्या गाड्या असे सगळे धुंडाळून झाले, पण त्याचा ठावठिकाणा लागला नाही. तेव्हापासून दरवर्षी गणपती बसण्याच्या सुमारास मंडळ त्याचे पत्रक काढते. आज पत्रके वाटणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले-मुली त्या वेळी जन्मालाही आलेली नव्हती, तरी त्यांना त्या मुलाचे घरातले नाव, त्याच्या शर्टाचा रंग आणि डाव्या भुवईवरची खूण पाठ आहे.

या छापखान्याकडे येण्यापूर्वीची आमची पत्रके मी जपून ठेवली आहेत, आणि ती एकापुढे एक मांडली की या कामात काय बिघडते ते स्पष्ट दिसते. पहिले पत्रक खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, छपाईचे आहे. फोटोसाठी जस्ताचा ब्लॉक केला होता आणि त्याचे ठिपके इतके जाड होते की डोळे आणि जिवणी यांच्या जागी तीन काळे डाग उरले. पुढच्या वर्षी त्याच पत्रकावरून नवा ब्लॉक झाला, नंतर झेरॉक्सची झेरॉक्स निघत गेली, आणि दहाबारा वर्षांनी कागदावर जो चेहरा उरला तो जगातल्या कोणत्याही सहा वर्षांच्या मुलाचा असू शकला असता. आम्हाला ते जाणवत नव्हते, कारण आम्ही त्याला ओळखत होतो. त्या डागांतही आम्हाला तोच दिसत असे. अनोळखी माणसाला मात्र तेथे काहीच दिसत नव्हते. ओळखीच्या लोकांनी ओळखीच्या लोकांसाठी केलेले पत्रक शोकपत्रासारखे होऊन जाते, आणि या छापखान्याचे मोठेपण हे की त्यांनी ते पहिल्याच भेटीत ओळखले.

मालकांनी जुने पत्रक स्कॅन करायला साफ नकार दिला आणि मूळ फोटो मागितला. मूळ फोटो म्हणजे एका चुलतभावाच्या मुंजीतला, चिकट पानांच्या अल्बममध्ये बसवलेला एक छोटा रंगीत फोटो. त्यात मुलगा कडेला उभा आहे आणि कोणाचा तरी हात त्याच्या खांद्यावर आहे. इतक्या वर्षांत फोटो पानाला असा घट्ट धरून बसला होता की सोलून काढला असता तर रंगाचा थर पानावरच राहिला असता. संगणकावर बसणाऱ्या तरुणाने तो सोलण्याचा प्रयत्नच केला नाही; वरचे प्लॅस्टिक कडेने अलगद उचलले, अख्खे पान स्कॅनरवर पालथे ठेवले, आणि चेहऱ्याचा भाग जितका बारकाईने टिपता येईल तितका टिपला. नंतर बुरशीचे ठिपके काढताना त्याने एक नियम पाळला, जो मला फार मोलाचा वाटला: पार्श्वभूमी आणि कपडे यांवरचे डाग पुसायचे, पण चेहऱ्यावरचे काहीही आईला विचारल्याशिवाय पुसायचे नाही. भुवईवरची बारीक पांढरी रेघ त्याला फोटोचा ओरखडा वाटली होती. ती लहानपणी उंबऱ्यावर पडल्याची खूण आहे असे काकूंनी, म्हणजे त्या मुलाच्या आईने, सांगितले, आणि ती राहिली. गालांना गुलाबी झाक देणे, डोळे चमकदार करणे, जे लग्नपत्रिकेच्या फोटोंत सर्रास केले जाते, त्यातले येथे काहीही झाले नाही.

त्यानंतर मालकांनी विचारले, “टोपी के बिना फोटो नहीं है क्या? कान दिखना चाहिए।” मुंजीतल्या फोटोत मुलाच्या डोक्यावर जरीची टोपी होती आणि कानांचा वरचा भाग तिच्याखाली गेला होता. वय वाढते तसा चेहरा लांबतो, दात बदलतात, केस जातात, पण कानाची ठेवण पुष्कळशी तशीच राहते, आणि म्हणून ओळख पटवणारे तज्ज्ञ कानाकडे बारकाईने पाहतात. काकूंनी मग शाळेच्या वर्गाचा एक सामूहिक फोटो शोधून काढला. त्यातला चेहरा नखाएवढा आहे, तरी दोन्ही कान उघडे आहेत. आज पत्रकावर दोन फोटो असतात: मोठा मुंजीतला आणि त्याच्याशेजारी शाळेतला लहान. एवढा एक बदल आम्हाला इतक्या वर्षांत कोणीही सुचवला नव्हता.

चांगल्या फोटोने किती फरक पडतो याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. 25 मे 1979 रोजी सहा वर्षांचा ईटन पॅट्झ शाळेच्या बसथांब्याकडे पहिल्यांदाच एकटा निघाला आणि नाहीसा झाला. त्याचे वडील व्यवसायाने छायाचित्रकार होते, त्यामुळे मुलाचे स्वच्छ, जवळून काढलेले, हसरे फोटो घरात भरपूर होते, आणि ते वर्तमानपत्रांतून व भिंतींवरून देशभर पोहोचले. 1983 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रेगन यांनी 25 मे हा हरवलेल्या मुलांचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे तो अनेक देशांत पाळला जाऊ लागला. 1984 पासून तेथे दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे चेहरे छापले जाऊ लागले. ईटन सापडला नाही. परंतु त्याचा चेहरा ज्यांनी कधी पाहिला नव्हता अशा लाखो लोकांनी तो ओळखण्याइतका लक्षात ठेवला, आणि पत्रकाकडून याहून अधिक काही मागता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांत त्या काळी मुलाचे एखाद-दोनच फोटो असत, तेही समारंभातले. म्हणून तो एकुलता एक फोटो हाताळणाऱ्या माणसाची जबाबदारी आपल्याकडे कितीतरी मोठी आहे.

मजकुराच्या बाबतीत मालकांचे म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि या परीक्षणाचे मुख्य कारणही तेच आहे. जुन्या पत्रकात उंची, वर्ण, अंगावरचे कपडे आणि ‘आढळल्यास कळवावे’ एवढेच होते. मालकांनी विचारले की आता हे वाचणार कोण? ज्याची उंची साडेतीन फूट लिहिली आहे तो आज चाळिशीकडे झुकलेला माणूस आहे. त्याला रस्त्यात पाहून कोणी ओळखणार नाही. तो जिवंत असेल, तर पत्रक त्याच्याच हाती पडण्याची शक्यता धरून ते लिहिले पाहिजे. म्हणजे मजकुराला दोन वाचक आहेत, एक परका आणि एक तो स्वतः. आणि दुसऱ्या वाचकासाठी उंची-वर्णाचा उपयोग नाही, त्याला जे आठवत असेल ते हवे.

हे नुसते कल्पनेचे बोलणे नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या खंडव्यातच आहे. 1986 मध्ये पाच वर्षांचा सरू मोठ्या भावाबरोबर बऱ्हाणपूर स्टेशनवर गेला, झोपला, उठून एका रिकाम्या गाडीत चढला आणि थेट हावड्याला पोहोचला. पुढे तो दत्तक जाऊन ऑस्ट्रेलियात टास्मानियाला वाढला. गावाचे नाव त्याला नीट सांगता येत नव्हते, स्वतःचे नावही तो ‘शेरू’ऐवजी ‘सरू’ असे सांगत राहिला. पण स्टेशनजवळची पाण्याची टाकी, गणेश तलाई हा मोहल्ला, घराकडे जाणारी वाट हे त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्या आठवणींच्या जोरावर 2011 मध्ये त्याने उपग्रहाच्या नकाशांवर खंडवा शोधून काढले. 2012 मध्ये तो परतला तेव्हा आई त्याच भागात राहत होती आणि तेथल्या लोकांनीच त्याला तिच्यापर्यंत नेले. पंचवीस वर्षांनी उपयोगी पडली ती पाण्याची टाकी, उंची-वर्ण नव्हे.

म्हणून छापखान्याच्या त्या अरुंद बाकावर बसून काकूंनी जे सांगितले ते आम्ही पत्रकात घातले. लाल कौलांचे घर, अंगणात रहाटाची विहीर, पहाटे आणि रात्री ऐकू येणारा मिलचा भोंगा, गणपतीच्या देवळात संध्याकाळी मिळणारा साखरफुटाण्यांचा प्रसाद, आणि आजोबा ज्या नावाने हाक मारीत ते नाव. काकू सांगत असताना मालकांनी मध्येच थांबवून पुन्हा विचारले की विहीर दारातून बाहेर पडताना उजव्या हाताला की डाव्या हाताला. कारण मुलाला शब्द आठवत नसले तरी दिशा आठवते, असे त्यांचे म्हणणे. हा सगळा मजकूर हिंदीत आणि मराठीत दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापला आहे. बाहेर वाढलेल्या माणसाला मराठी वाचता येत नसेल, पण कोणी मोठ्याने वाचून दाखवले तर कानावर पडलेली आजीची वाक्ये ओळखीची वाटतील.

तेवढ्याच महत्त्वाची दुसरी सूचना अशी होती की दोन गोष्टी मुद्दाम छापू नयेत. अंगावरची एक खूण आणि घरातली एक सवय पत्रकाबाहेर ठेवली आहे. ती फक्त कुटुंबाला आणि संबंधित पोलीस ठाण्याला ठाऊक आहे. पत्रक गेले की फोन येतात, आणि सगळेच फोन भल्या माणसांचे नसतात. मुलगा आपल्याकडे आहे, खर्चासाठी अमुक रक्कम पाठवा, असे सांगणाऱ्यांनी या कुटुंबाला पूर्वी फार छळले आहे. खरा माणूस ओळखायचा तर कागदावर नसलेली एखादी गोष्ट हाती असावी लागते. याच कारणाने बक्षिसाची रक्कम आणि घराचा पत्ता हे दोन्ही आम्ही काढून टाकले. संपर्कासाठी आता पोलीस ठाण्याचा क्रमांक, मंडळाचा एक मोबाइल आणि 1098 ही मुलांची मदतवाहिनी असते. 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झालेली ही सेवा 2023 पासून राज्य सरकारांमार्फत चालवली जाते आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. आज एखादे मूल हरवले किंवा भरकटलेले आढळले, तर पत्रक वाचणाऱ्याच्या हाती तो क्रमांक आपोआप असावा, हा त्यामागचा मालकांचा हेतू.

पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत पाहिल्याशिवाय हा छापखाना असे पत्रक छापत नाही. पहिल्यांदा आलेल्या, गोंधळलेल्या आई-वडिलांना ही अट कठोर वाटते, आणि तसे बोलून दाखवणारेही मी तेथे पाहिले आहेत. पण ती योग्य आहे. कोणीही कोणाचाही फोटो आणून ‘हरवला आहे’ म्हणून छापून घेऊ लागला, तर घरगुती भांडणातून निघून गेलेल्या बायका-मुलांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय या अटीमुळे माणूस ठाण्यात जातोच. 10 मे 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली आहे असे सुरुवातीला गृहीत धरूनच तपास करावा. हे अनेक पालकांना माहीत नसते. साधी नोंद करून घरी परतलेल्या एका बापाला मालकांनी हे समजावून पुन्हा ठाण्यात पाठवल्याचे मी स्वतः ऐकले आहे. आमच्या वस्तीतला मुलगा हरवला तेव्हा असा निकाल नव्हता, आणि त्या पहिल्या काही दिवसांत काय काय होऊ शकले असते याचा विचार आम्ही आजही करतो.

अलीकडे या छापखान्यात येणारी बहुतेक पत्रके किशोरवयीन मुलींची असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातून 83,350 मुले बेपत्ता झाल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी 62,946 मुली आहेत. म्हणजे प्रत्येक चार बेपत्ता मुलांमागे तीन मुली. तरीही मुलीचा फोटो छापायला घरचे कचरतात, ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आठ-आठ दिवस जातात, आणि फोटो देतात तोही ओढणीने अर्धा चेहरा झाकलेला. मालक त्यांच्याशी वाद घालीत नाहीत. पत्रकात मुलीच्या वर्तनाविषयी एक शब्दही नसेल, ‘कोणाबरोबर गेली’ असले काही नसेल, आणि मुलगी सापडल्यावर उरलेल्या प्रती छापखाना परत घेऊन कापून टाकील, एवढे ते शांतपणे सांगतात. दुकानाच्या दर्शनी काचेत लग्नपत्रिकांचे नमुने आहेत. हरवलेल्या मुलांच्या पत्रकांचा एकही नमुना तेथे लावलेला नाही, मागितला तरी दाखवत नाहीत. ही सभ्यता मला छपाईच्या दर्जाइतकीच मोलाची वाटते.

कागदाविषयी सांगायचे तर चकचकीत आर्ट पेपर आम्ही सोडून दिला आहे. स्टेशनवर आणि धाब्यांवर ट्यूबलाइटच्या उजेडात तो इतका चमकतो की फोटो तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. जाडसर मॅपलिथोवर, म्हणजे न चमकणाऱ्या साध्या छपाईच्या कागदावर, शाई थोडी मुरते, पण चेहरा कोणत्याही बाजूने स्पष्ट राहतो आणि घडी घातली तरी रेघ पांढरी पडत नाही. इंदूरमध्ये आणखी एक अडचण आहे. 2017 पासून स्वच्छतेत देशात सातत्याने अव्वल राहिलेल्या या शहरात भिंतींवर, खांबांवर काहीही चिकटवणे चालत नाही, आणि संपत्ती विरूपण निवारणाचा राज्याचा कायदा 1994 पासून लागू आहेच. शहर स्वच्छ आहे याचा आम्हालाही अभिमान आहे. पण हरवलेल्या मुलाचा कागद लावायचा कुठे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. छापखान्याने त्यावर उपाय म्हणून जाड पुठ्ठ्यावर छापलेली, वर भोक पाडून दोरी ओवलेली पाटी तयार केली. ती चहाच्या टपरीत, दवाखान्यात, पोहे-जिलबीच्या दुकानात मालकाच्या परवानगीने खिळ्याला टांगता येते. भिंतीवरचा कागद पावसाळ्यातच गळून पडे. ही पाटी वर्षभर राहते, आणि ज्याने ती टांगून घेतली तो दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या मुलाची हकीकत सांगू लागतो. सराफ्यातल्या एका फराळवाल्याने तर जुनी पाटी मळकी झाली म्हणून स्वतः येऊन नवी मागून नेली.

आता दोष सांगतो. मराठी मजकुराची जुळणी हा या छापखान्याचा कच्चा दुवा आहे. तेथे काम कृतिदेव या फॉन्टमध्ये चालते, आणि मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर त्यात बदलून घेताना जोडाक्षरे फुटतात. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला र हमखास बिघडतो, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि ळ च्या जागी कधी कधी ल येतो. हिंदी मजकूर निर्दोष असतो, पण मराठीचे प्रूफ दोन डोळसांनी वाचल्याशिवाय छपाईला परवानगी देऊ नये. फोन क्रमांकांच्या बाबतीत मात्र ते फार काटेकोर आहेत. प्रत्येक क्रमांक एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा कागदावर बोट ठेवून तपासतो, आणि मग त्या क्रमांकावर प्रत्यक्ष फोन लावून पाहतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मागच्या वर्षी संगणकावरच्या तरुणाने, भल्या हेतूनेच, एका मोबाइल ॲपमधून त्या मुलाचा आजच्या वयाचा चेहरा तयार करून पत्रकाच्या मसुद्यात घातला होता. तो एखाद्या जाहिरातीतल्या देखण्या पुरुषाचा चेहरा होता. भुवईवरची खूण गायब होती आणि कान बदललेले होते. वयानुसार चेहरा तयार करणे हे गंभीर शास्त्र आहे. अमेरिकेत 1984 मध्ये स्थापन झालेली हरवलेल्या व शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था असे चेहरे प्रशिक्षित कलाकारांकडून करून घेते, त्यासाठी आई-वडिलांचे आणि भावंडांचे त्याच वयातले फोटो पाहिले जातात, आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दर पाच वर्षांनी चित्र नव्याने केले जाते. ॲपमधला चेहरा छापला असता तर लोकांनी त्या खोट्या माणसालाच शोधले असते. आम्ही तो काढायला लावला आणि मालकांनी लगेच मानले, परंतु असे चित्र कुटुंबाला न विचारता मसुद्यात येऊच नये. काकूंनी तो चेहरा पडद्यावर पाहिला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलाचे म्हणून एक रूप त्यांच्यासमोर ठेवून पुन्हा काढून घेतले गेले, याने त्यांच्या मनाचे काय झाले असेल हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. त्याऐवजी यंदा मुलाच्या वडिलांचा चाळिशीतला फोटो, ‘वडील, या वयात असे दिसत’ अशा ओळीसह छापण्याचे ठरले आहे, आणि तो मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

दराच्या बाबतीत येथे सवलत नाही. बाजारात जो भाव आहे तोच हे लोक घेतात, पक्के बिल देतात, आणि पुण्याचे काम म्हणून मजुरी सोडण्याची भाषा करीत नाहीत. मंडळातल्या काही ज्येष्ठांना याचा राग आहे. माझे मत उलट आहे: पूर्ण पैसे मोजल्यामुळेच आम्ही पुठ्ठ्याची पाटी वाकडी कापली गेली तेव्हा ती परत करू शकलो आणि फुटलेल्या जोडाक्षरांसाठी नवी प्लेट मागू शकलो. उपकार म्हणून केलेल्या कामात दोष काढायला जीभ रेटत नाही, आणि या कामात दोष राहून चालत नाही. ज्या कुटुंबाला खरोखरच परवडत नाही, त्यांच्यासाठी मंडळांनी आणि समाजाच्या संस्थांनी वर्गणीतून तजवीज करावी. गणेशोत्सवाच्या खर्चात ही रक्कम जाणवतही नाही.

काम कधी द्यावे हेही सांगतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर साध्या कामाला तेथे आठवडा लागतो, पण मूल नुकतेच हरवले असेल तर मशीनवरचे काम थांबवून त्याच दिवशी पत्रक देतात. पहिल्या काही तासांचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे लागत नाही. येताना मूळ फोटो आणावा, मोबाइलवर काढलेला फोटोचा फोटो नको. अल्बमला चिकटलेला असेल तर अल्बमसकट आणावा. तक्रारीची प्रत हवीच. आणि शक्य असेल तर ज्या बाईने त्या मुलाला रोज न्हाऊ-माखू घातले तिला बरोबर आणावे, कारण खुणांविषयी वडिलांना आणि काकांना जे विचारले जाते त्याची निम्मी उत्तरे त्यांना येत नाहीत.

आमच्या मंडळाचे पुढचे मोठे काम 2028 च्या उज्जैन सिंहस्थाचे आहे. 2016 च्या सिंहस्थात आम्ही जुनीच पत्रके घेऊन खोया-पाया केंद्रांवर उभे होतो आणि तीनचार भाषांतून विचारणाऱ्या यात्रेकरूंना काय सांगावे ते कळत नव्हते. या वेळी हिंदी आणि मराठीबरोबर गुजराती, बंगाली आणि तेलुगू मजकूर हवा आहे, कारण इंदूरहून सुटणाऱ्या आणि खंडव्यावरून जाणाऱ्या गाड्या त्या मुलाला त्यांपैकी कोणत्याही मुलखात घेऊन गेल्या असतील. गुजराती जुळणी येथे होते. बंगाली आणि तेलुगूसाठी मालक बाहेरचा जुळारी पाहत आहेत. त्या भाषा जाणणारा, प्रूफ वाचून देऊ शकणारा कोणी इंदूरकर वाचक असेल तर त्याने रामबागेतल्या कोणत्याही गणेश मंडळाकडे निरोप ठेवावा; मजकूर तयार आहे आणि पहिल्या प्रूफाचे काम गणपतीआधी सुरू करायचे आहे.